शेडनेटमधले पाहुणे

जानेफळ

प्रिय निशिगंधा,

फोनवर तू मले बोलूच देत नाहीस. मीटिंग आहे म्हणतेस अन् ठेवून देतेस. म्हणून लिहून राह्यली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नाक मुरडू नको, पुरं वाच.

इकडं सगळं ठीक. तुझ्या बाबांची टाच दुखते, डॉक्टरकडे जात नाहीत, दिवसभर माझं डोकं खातात. शेडनेटची जाळी वाऱ्यानं फाटली होती, ती मी अन् जनकाबाईनं शिवली. शिवता शिवता ती मले म्हणे, "काय वं कोकिळा, तुझी पोरगी दिल्लीले जाऊन गोऱ्यायची जीभ झाली का?" मी काय सांगू तिले? उत्तर तुझ्यापाशी आहे.

तू त्या परदेशी व्यापाऱ्यांच्या संघाचे पाहुणे घेऊन आली, तो दिवस माझ्या डोक्यातून जातच नाही. बी धरायसाठी मिरचीच्या फुलांवर हातानं पराग लावायची वेळ होती, बायांचे हात रिकामे बसले, तरी मी काही म्हटलं नाही. लेकीचे साहेब होते. मग त्या उंच बाईनं कॅमेरा लावून विचारलं अन् तू मले मराठीत सांगितलं, की हा देश बाहेरच्या कंपन्यांले दार पुरं उघडत नाही, बाजार खुला झाला तर तुले काय वाटते? मी सरळ बोलली. जनकाबाई, वंदना, सगळ्या बाजूलेच उभ्या होत्या. मी म्हटलं, बाजार खुला पाहिजे तर पहिले माझा करा. आमची बियाण्याची कंपनीही तुमच्याच संघातली. शेत माझं, मेहनत आमची, पण तयार झालेलं बी तिलेच द्यायचं, दुसऱ्या कोणाले नाही. भावही तीच ठरवणार. मागच्या साली वंदनाचं बी तपासणीत फेल केलं, तर तिले कुठं विकू दिलं नाही, तिच्याच बांधावर जाळलं. तुमच्यासाठी दार उघडं पाहिजे, अन् मले काऊन कुलूप?

तू इंग्रजीत सांगितलं अन् टाळ्या पडल्या. मले वाटलं, चांगली माणसं आहेत, ऐकून घेतात. मी एवढी खुश झाली की पुन्हा चहा ठेवला. ते गेल्यावर बियाण्याच्या कंपनीचा शेखर हसत हसत म्हणे, "काकू, तुम्ही तर मंत्र्यासारखं बोलल्या! परदेशी कंपन्यायनं आमचं नशीब उघडलं, आता बाजार पुरा उघडा, असं सांगितलं तुमच्या पोरीनं." मग समजलं, तू न जेवता गाडीत काऊन जाऊन बसली ते.

राग आला का? हाव, आला. भाकरीसोबत गिळून राह्यली तो. तुझी नोकरी अजून पक्की व्हायची आहे, हे मले कोणी सांगायची गरज नाही. तू त्या उंच बाईच्या हातात, मी शेखरच्या. दोघी मायलेकी सारख्याच अडकल्या, फक्त तुझ्याकडं पंखा आहे.

आता त्या दिवसाचा पिच्चर तुम्ही दिल्लीत सरकारच्या मोठ्या लोकांपुढं दाखवणार, अन् त्याले माझा होकार पाहिजे, असा तुझा निरोप आला. शेखरनंही साफ सांगितलं, काकू हो म्हणा, मग पुढच्या हंगामाचं पेरायचं बी आणतो. नाही म्हटलं तर शेडनेट रिकामं, बाया घरी, तूही घरी. मग काय, हो. दाखवा. पण एक माझं ऐक. पिच्चरच्या खाली इंग्रजीत काय लिहायचं ते लिही, तिथं माझं काही चालत नाही. माझा आवाज काढून तिथं तुझा मात्र टाकू नको. मी जसं बोलली तसंच ऐकू येऊ दे. त्या हॉलात चहा देणारं, खुर्च्या लावणारं, कोणी ना कोणी आपल्या इकडचं असेल.

रागात असली तरी तुझीच,
आई