निवट्यांचं सार

आई, ताईला सातवा महिना लागलाय आणि तिला तुझ्या हातचं निवट्यांचं सार हवंय. तू गेलीस, आता तुझा हात कुठून आणू? निदान निवट्या तरी आणू म्हणून काल सकाळी नाहूरहून चालत खाडीवर गेलो. वाटेत फ्लेमिंगो बघायला आलेल्यांशी गप्पा मारत तासभर गेला, मी कसा ते तुला माहितीये. मग एका मासेवाल्याकडून जिवंत निवट्यांची पिशवी घेतली. तिथेच कॉलेजच्या दोन मुली तपासायला चिखल बाटल्यांत भरत होत्या. एक म्हणाली, "काका, खाणार नाही ना हे?" काका! मी पंचविशीचा.

"बहिणीला. सातवा महिना आहे तिला."

"मग तर अजिबात नका देऊ." शिसं, पारा, कॅडमियम. नाल्यातून येतं, चिखलात बसतं, चिखलात राहणाऱ्या माशात साठतं. पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागतं. मी म्हटलं, राखेने चोळून धुतो, चांगलं उकळतो. ती म्हणाली, "नाही जात हो. वासही नसतो त्याला."

तिथेच माझं डोकं फिरलं. डोळ्यांपुढे तूच आलीस. मोरीपाशी बसलीयेस, निवट्यांना राख चोळतेयस, एक उडून ताईच्या पायावर पडते, ती किंचाळते आणि तू हसतेस. "उडता मां? मगे बरो आसा." तुझी परीक्षा एवढीच. उडतोय तो ताजा, ताजा तो चांगला. ताई किडकिडीत, म्हणून मोठ्या निवट्या तिच्या ताटात. एकदा मी म्हटलं, साराला रॉकेलचा वास येतोय, तर पाठीत धपाटा. "अन्नाक नावा ठेवतंस?" वास येत होता, आई. खरंच येत होता. तू ऐकायला हवं होतंस.

पण तुला तरी कोण सांगणार होतं? नाल्याला रोज नवा रंग देणारे कारखान्यांतले साहेब? त्यांच्या ताटात सुरमई. खाडीवर पाट्या आहेत गं, पक्ष्यांना त्रास देऊ नका, कचरा टाकू नका. मासे खाऊ नका अशी एकही नाही. पक्ष्यांची काळजी आहे, आपली नाही. वर्षानुवर्षं आपण गरम सार ओरपत होतो आणि कुणाच्या बापाचं काही गेलं नाही. कुठे जाऊन ओरडू? मला तर अर्जसुद्धा धड लिहिता येत नाही, म्हणून तुलाच लिहितोय.

ताईला फोनवर सांगितलं, निवट्या मिळाल्या नाहीत. तिचा आवाज एवढासा झाला. खरं सांगितलं असतं तर तिने पहिलं हेच विचारलं असतं, मग आईने आपल्याला काय भरवलं? ते मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. फोन ठेवण्याआधी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात परत बघ ना रे." तेव्हा सांगावंच लागेल.

आणि पिशवी टाकून दिली नाही मी. घरी आणली, राख नव्हती म्हणून मीठ चोळलं, कोकम घातलं आणि सगळं एकट्याने संपवलं. सगळं माहीत असून. चव तुझ्या साराच्या जवळपास आली होती.