ढोलाचे तीन ठोके

वाशीम,
४ मे १९७४

चि. शालिग्राम यास उकंडरावाचे अनेक आशीर्वाद.

खाटेच्या कडेवर माझी बोटं चालली आहेत आणि भागिरथा हे लिहिता लिहिता बापाला हसते आहे. नऊ वाजले असं ती सांगते. म्हणजे देवमननं चौकात ढोलावर तीन ठोके दिले असतील, तुम्ही सातही जण आपापलं वाद्य घेऊन दाराबाहेर पडला असाल, आणि आता त्याच्यासोबत ओढा ओलांडून त्याच्या वस्तीकडे जात असाल. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्टी आहे, म्हणून काय झालं? माझं कॉर्नेट इथूनच वाजतं आहे.

देवमननं, नवरीच्या बापानं, स्वतःच ढोल गळ्यात घालायचा, हे आपल्याच बँडात घडावं. दुसऱ्याला दे म्हटलं तर तो ऐकणार नाही.

सतरा वर्षांपूर्वी मी त्याला बोलवायला गेलो तेव्हा तो म्हणाला होता, जन्मानं नेमून दिलेलं वाजवणं आमी सोडलं, आता कोणाच्या दारी वाजवणार नाही. मी म्हणालो होतो, या बँडात नेमलेला कोणी नाही, सगळे हौसेचे. आणि तुझ्या दारीही हाच बँड येईल. तेवढ्या शब्दावर तो आला. त्याच्या घरचं हे पहिलं लग्न. मी नाही याची रुखरुख आहे, पण तू आहेस.

कोणती धून वाजवली ते सविस्तर लिही. तुझ्या क्लॅरिनेटची सुरुवातीची फुसफुस वगळलीस तरी चालेल. आशीर्वाद भरपूर आहेत, पुरवून वापर.

उकंडराव


केनवड,
८ मे १९७४

ती. दादांना शालिग्रामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. देवमनच्या चतुरेचं लग्न नीट पार पडलं. वंदना झाली, जेवणं झाली, दुपारच्या एस.टी.नं वऱ्हाड मंगरूळपीरला गेलं. ऊन फार होतं.

त्याच दिवशी रिसोडचे पंजाबराव आपल्या प्रयागेला पाहायला आले. मुलगी पसंत आहे. मोठं घर आहे, माणसं बोलायला मोकळी आहेत. साखरपुडा ज्येष्ठात धरावा म्हणतात. तुमच्या डोळ्यांच्या हिशोबानं तारीख ठरवू.

तांबडी गाय व्याली. कालवड आहे. केशरीचंद शेठजी रोज तुमची चौकशी करतात. त्यांनी बँडाला दिलेला ढोल अजून शाबूत आहे का, हेही विचारतात. शाबूत आहे.

बाकी विशेष नाही. डोळ्यांना जपा, आणि आमच्यावरची माया आहे तशी राहू द्या.

आपला
शालिग्राम


केनवड,
१४ मे १९७४

आदरणीय उकंडराव यांस देवमनचा जयभीम.

तुमचं कार्ड आलं. शालिग्रामभाऊंनी गाईचं लिहिलं आणि धून लिहायची विसरले, म्हणून तुमी मले विचारली. धून वाजली नाही.

नऊ वाजता मी चौकात गेलो. नवं धोतर नेसलो होतो. तीन ठोके दिले. बोलावणं पाठवायचं नाही, ठोके ऐकले की निघायचं, हा नियम तुमचाच. थोडा थांबलो. पुन्हा तीन दिले. दुसऱ्यांदा ठोके देणं आपल्या नियमात नाही, पण दिले. शालिग्रामभाऊंचं दार अर्धं उघडं होतं. क्लॅरिनेट खुंटीवरून काढलेली होती. ती धरलेला हात मले दिसला. मग दार लागलं.

मी ढोल घेऊन एकटाच परत गेलो. चतुरा मांडवात विचारत होती की बँड कुठवर आला. मी सांगितलं, येऊन राह्यला. त्या दिवशी मी तेवढं एकच खोटं बोललो.

ढोल तुमच्या ओट्यावर आणून ठेवला आहे. कातडं चांगलं आहे. उन्हात राहू देऊ नका.

तुमचे डोळे लवकर बरे होवोत. लोभाचं काय लिहावं ते समजत नाही.

देवमन


वाशीम,
१८ मे १९७४

शालिग्राम,

पट्टी सुटली. हे माझ्या हातानं लिहितो आहे. ओळी वाकड्या जात असतील. सर्वांत आधी देवमनचं पत्र वाचलं. भागिरथेनं ते दोन दिवस लपवलं होतं. तिच्यावर मी रागावलो नाही.

मी खाटेवर बोटं चालवत होतो तेव्हा तू कडी लावत होतास. मी तुला धून विचारली तेव्हा तू कालवड झाल्याचं कळवलंस. तुझ्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं.

शब्द मी दिला होता, आणि तुझ्या भरवशावर इथे येऊन पडलो होतो.

सोमवारी येतो. तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो.

उकंडराव


केनवड,
२० मे १९७४, संध्याकाळ

चि. भागिरथेस काकाचे आशीर्वाद.

दादा दुपारी पोचले. जेवले नाहीत. माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून तुला लिहितो. तू त्यांना समजाव.

मी त्यांना सगळं सांगितलं, तेच तुला सांगतो. लग्नाच्या दिवशी पंजाबराव आठलाच आले. खुंटीवरची क्लॅरिनेट पाहून त्यांनी हसत विचारलं, तुमचा बाजा काय ओढ्यापलीकडंही जाते काय? मी म्हणालो, नाही जात. त्यांनी मनाई केली नाही. ठोके पडले तेव्हा मी क्लॅरिनेट हातात घेतली होती. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार लावलं.

बाकीचे सहा माझ्या दाराकडे पाहत होते, हे मागून कळलं. दादा नसले की माझ्यामागं निघायचं, असं त्यांनी धरलेलं. मी निघालो असतो तर ते निघाले असते.

तुझी काकू त्या दिवसापासून म्हणते, पाव्हण्यायले चहा म्या देल्ला असता, तुमी काहून नाही गेले? दादांनी तर विचारलंही नाही. ते एवढंच म्हणाले की पाहुण्यानं विचारलं आणि तू नाही म्हणालास.

माझ्या प्रयागेचं अजून जमायचं आहे. मला बापाच्या जागी दादाच आहेत. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
शालिग्रामकाका

ता. क. २१ मे. आज सकाळी दादांनी ढोल गळ्यात घातला आणि चौकात तीन ठोके दिले. आम्ही सातही जण आपापलं वाद्य घेऊन आलो. एकदोघे सदऱ्याच्या गुंड्या लावत धावत आले. देवमन आला नाही. दादांनी ओढ्याकडे पाहिलं, ढोल उतरवून पाराच्या सावलीत ठेवला, आणि साडेसातच्या एस.टी.नं ते वाशीमला निघाले.