हंसातला नारिंगी तारा

प्रिय अनिमेष,

पेपरात तुझा फोटो पाहिला. कोट शोभतो तुला. हंस तारकासमूहातल्या त्या नारिंगी बटू ताऱ्याभोवती ग्रह असावा, असा शोध तू लावल्याचं छापून आलंय. खालच्या चंद्रव्वा कडक भाकरी द्यायला आल्या, फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो तुमच्या गच्चीवर यायचा त्योच न्हवं? लई मोठा झाला की." मी हो म्हणाले आणि भाकरी डब्यात ठेवली.

तारा तसा गरीब. सूर्याहून लहान, थंड, आणि अकरा-बारा प्रकाशवर्षांवर, म्हणजे आकाशातल्या शेजारच्या गल्लीत. त्याच्या वरच्या एका स्थिर ताऱ्याशी त्याचा उजेड ताडून पाहायचा, एवढंच काम. ते मी वर्षानुवर्षं केलं, थंडीत आईची शाल गुंडाळून. तू यायचास, चहा प्यायचास, पुण्याच्या गप्पा मारायचास. एकदा म्हणालास, बघणारे पुष्कळ असतात, त्यातून काही काढणारा एखादाच. मी हसले, कारण तेव्हा तुझ्याशी लग्न करायचं माझ्या मनात होतं. मग नीट मांडून देतो म्हणून सगळे आकडे पेन ड्राइव्हवर घेऊन गेलास. त्यानंतर आली ती तुझ्या लग्नाची पत्रिका, तीही पोस्टाने.

आणि आता मुलाखतीत सांगतोस की ही निरीक्षणं तू स्वतः, शहराच्या पार दक्षिणेला, जुळे सोलापुरातल्या तुझ्या गच्चीवरून घेतलीस. माझं नाव कुठेच नाही. लग्नाचं मी गिळलं होतं, हे गिळणार नाही. दोन दिवस मी धड जेवले नाही, इतका राग आला.

मग बातमीचा उरलेला भाग वाचला आणि पोट धरून हसले. दर वर्षी जानेवारीच्या मध्यावर ताऱ्याचा उजेड जरा उतरतो, म्हणजे ग्रह आड येतो, म्हणून त्या ग्रहाचं वर्ष आपल्या पृथ्वीएवढंच, असं तुझं म्हणणं. अरे, सोलापूरचाच ना तू? जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वराची यात्रा असते. माझ्या गच्चीच्या वायव्येला होम मैदान, तिथे गड्डा भरतो. पाळणे, भज्यांच्या कढया, शोभेची दारू, आणि सगळ्या जिल्ह्याच्या पायांची धूळ. त्या दिवसांत संध्याकाळी हा तारा नेमका मैदानावर टेकलेला असतो आणि तुलनेचा तारा वर, स्वच्छ हवेत. तुझा ग्रह म्हणजे गड्ड्याचा धुरळा आहे. माझ्या गच्चीवर बसणाऱ्याला तो डोळ्यांत जातो, लिहून ठेवावा लागत नाही. तू आकडे नेलेस, गच्ची राहिली इथेच.

रविवारी तुझा सत्कार आहे, पुण्याचे जाणकार येणार आहेत. मी पुढच्या रांगेत असेन. मी एकच विचारणार आहे: ज्या गच्चीवरून पाहिलंस, तिथून जानेवारीत वायव्येला काय दिसतं? होम मैदान म्हणालास, तर गच्ची माझी ठरते आणि ग्रहही जातो. दुसरं काही म्हणालास, तर मी सगळ्यांसमोर गड्ड्याचं सांगेन, आणि तो धुरळा जुळे सोलापुरापर्यंत कसा पोचला ते तुला सांगावं लागेल. हे आधी कळवतेय ते दया येऊन नाही. पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारचा अख्खा दिवस तू उत्तर शोधत बसावंस, म्हणून लिहिलं.

हे शेवटचं, तुझीच,
देवयानी