पाणी पितानाचा शॉट

अप्पा, काल तुमचा तो शॉट पुन्हा उघडून बघितला. सहाच सेकंदांचा आहे. तुम्ही ओट्यावर बसून तांब्यातलं पाणी पिताय, डोक्यावरचे केस जागच्या जागी, भांग डावीकडे. मी आता मुंबईत मालिका एडिट करतो, हे तुम्हाला कळायचं राहूनच गेलं. आधीच्या शॉटमध्ये पदर ज्या खांद्यावर होता त्याच खांद्यावर पुढच्यात आहे ना, हेच दिवसभर बघायचं. लोकांना वाटतं मी हे कॉलेजात शिकलो. कसलं काय, शिकलो ते तुमच्या जिवावर.

आम्हा पाच जणांची ती कॉलेजची फिल्म. सुपारीच्या वाडीतून बाप दमून घरी येतो, ओट्यावर टेकतो, पाणी पितो आणि मग त्याला कळतं की मुलगा न सांगता शहरात निघून गेलाय. बाप कोण करणार यावर खल चालला होता तेव्हा मीच छाती फुगवून म्हटलं, आमचे अप्पा आहेत की. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून तयार, आणि मी सगळ्यांदेखत तुम्हाला झापलं की वाडीतला मळका घाला म्हणून. पहिल्या रविवारी तुम्ही येता, बसता, तांब्या उचलता, रिकामा खाली ठेवता, एवढं झालं आणि उजेड गेला. पाणी पितानाचा चेहरा जवळून घ्यायचा राहिला. शर्टाची किती बटणं उघडी, भांग कुठल्या बाजूला, हे सगळं मी वहीत टिपून ठेवलं. आणि मंगळवारी आजी गेली.

नवव्या दिवशी तुम्ही पडवीत सुपाऱ्या सोलत बसलाय आणि मी वही घेऊन समोर उभा आहे. दहाव्याला तुम्ही केस काढलेत तर शॉट जुळणार नाही, रविवारी शूटिंग उरकून सोमवारी कॅमेरा परत द्यायचाय, पाच जणांचे मार्क आहेत, असं मी धडाधड बोलत सुटलो. आणि वर म्हणालो, "नुसते केसच तर आहेत, अप्पा." ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तुम्ही हातातली सुपारी सोलून पुरी केलीत. मग म्हणालात, "आय हाय रं ती माजी." आणि पुढची सुपारी उचलून, "बरं. न्हाय काढत. तुजं काम होऊ दे."

हरिहरेश्वरला थोरल्या काकांनी डोकं केलं, त्यांच्या दोन्ही मुलांनी केलं. न्हाव्याने तुम्हाला हाक मारली तर तुम्ही नुसती मान हलवलीत. पिंड ठेवला. कावळे कठड्यावर बसून राहिले, एकही खाली उतरेना. तासभर झाल्यावर काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धाकट्यानं डोकं राखलंय, कावळा शिवंल कसा?" पोरासाठी राखलंय, एवढं तुम्ही सांगू शकला असता. माझ्यावर बोल येऊ नये म्हणून गप्प राहिलात. मीही शेजारीच होतो आणि पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होतो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. त्या दिवसापासून काकांनी तुमच्याशी बोलणं टाकलं.

रविवारी आम्ही तुमचा चेहरा घेतला. आठवड्याने एडिटिंगच्या मॅडमना जोडून दाखवला. त्यांनी दोनदा मागेपुढे करून बघितलं आणि म्हणाल्या, "केस जुळतात रे, पण हा माणूस दुसराच आहे." खरंच होतं ते. पहिल्या रविवारचा माणूस आई घरात असलेला होता. मॅडमनी तो शॉट काढून टाकायला लावला. तांब्या वर जाताना काप, पुढे रिकामा तांब्या खाली ठेवणारा हात दाखव, मधलं बघणारा आपोआप जोडून घेतो, म्हणाल्या. हाताचा शॉट आमच्याकडे पहिल्या रविवारचाच होता. चेहरा लागतच नव्हता, अप्पा! मला एवढं आधी कळतं, तर तुम्ही चारचौघांसारखे न्हाव्यासमोर बसला असता.

फिल्म दाखवायला मी लॅपटॉप घेऊन घरी आलो, तेव्हा तुम्ही काकांना स्वतः जाऊन बोलावून आणलंत. का, ते मला लगेच उमगलं. तोंडाने सांगायचं नव्हतं, पण त्यांनी डोळ्यांनी बघावं की केस कशासाठी राखले होते. फिल्म संपली. तुम्ही विचारलंत, "मी पानी पितो त्ये कुटं गेलं?" काका बघत होते. काढून टाकलं, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी म्हटलं, "आहे की! तुमची पापणी लवली असेल तेवढ्यात." तुम्ही पुन्हा लावायला सांगितलंत. आणि तांब्या वर जायच्या वेळी डोळे ताणून, पापणी न लववता बघत राहिलात. डोळ्यांतून पाणी आलं तरी मिटले नाहीत. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा काका उठून गेले. "माजीच नजर गेली बग," तुम्ही म्हणालात.

तुमच्या दहाव्याला न्हाव्यासमोर पहिला मी बसलो. काकांनी माझ्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बापावर न्हाय गेलास, बरं झालं." मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

आता सुट्टीला घरी आलोय, तुमच्याच ओट्यावर बसून हे लिहितोय. तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच एवढं धिटाईने लिहिता येतंय. काका अजून आहेत, चालायला काठी लागते, पण कान शाबूत आहेत. त्यांचं घर तीन घरं सोडून आहे. परवापासून दोनदा तिथवर जाऊन परत आलो.