मेडलच्या कडेवरचं नाव

९ जाने.
शाळेत शिकवायला निघतानाच गावाकडून सुभेदारमामांचा फोन. गावच्या शाळेच्या भिंतीवर गावातल्या सगळ्या फौजींची नावं कोरायचीत. मी विचारलं, अण्णांचं? म्हणाले, "तुजा बाप फौजेत व्हता, पर फौजेच्या पोस्टात व्हता बाई. कमिटीतले म्हनत्यात, बंदूक कुठं धरली? मेडलं आन. कडेवर नाव ठोकलेलं असतं, ते दाखवू त्यांना."
अण्णा असते तर हसले असते. मला नाही आलं हसू. वर्दी घालून बर्फात टपाल वाटलं त्या माणसानं.

११ जाने.
शिरूरला, आईकडे. मेडलं काढली. तीन. भिंग घेऊन बसले. पहिल्या दोन्हींवर अण्णांचं नाव. तिसरं उंचावरच्या सेवेचं, आईचं सगळ्यात आवडतं. कडेवर इंग्रजीत बारीक अक्षरं: शेख आर. नंबरही वेगळा.
पुन्हा पाहिलं. शेख.
दुसऱ्याचं मेडल अण्णांकडे कसं? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सापडलं का नाव?" म्हटलं, हो. खोटं बोलले.

१४ जाने.
बीडला सैनिक कार्यालयात. पोस्टवाल्यांचं रेकॉर्ड इथे नाही, कामठीला विचारा. बाबू सज्जन, पण जाता जाता म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याचं मेडल असंल तर आत्ताच दाखवत फिरू नका." घरी येईपर्यंत तेच डोक्यात. अण्णांनी कुणाचं उचललं असेल? छे. पण मग...
कामठीला अर्ज टाकला.

१८ जाने.
फोनवर आईला सहज विचारल्यासारखं, अण्णांबरोबर कुणी शेख होते का गं?
"व्हता की. आष्टीकडच्या कड्याचा. लई गोड बोलायचा. कावून?"
"असंच."

२४ जाने.
कडा. आष्टीच्या गाडीत जीव मुठीत. मेडल नेलं नाही, मोबाईलमध्ये फोटो फक्त. बाजारात विचारत विचारत घर सापडलं. शेखचाचा ओट्यावर, गुडघ्यांना तेल चोळत. नाव सांगितलं तर उठायला लागले. "अण्णाची बेटी? बैस, बैस."
अण्णा गेल्याचं त्यांना माहीत होतं. उशिरा कळलं, म्हणाले, मातीला येता आलं न्हाई.
 मी फोटो पुढे केला.
चाचांनी पाहिला. मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, झालं आता.
मग मोठ्यानं आत हाक मारली, "अगं, ती डबी आन!" त्यांच्या बायकोनं पावडरची जुनी डबी आणली. आत तेच मेडल. कडेवर अण्णांचं नाव.
"या अल्ला. तेरे बाप के पास था मेरा! बेटा, मी रिटायर झाल्यावर बगितलं. वाटलं, दुसऱ्याचं मेडल लावून हिंडलो, चोर ठरतो का काय. कुनाला दाखवलंच न्हाई. अण्णाला तोंड कसं दाखवावं म्हनून गेलोबी न्हाई."
झालं होतं एवढंच, चाचांना आता उमगलं. परेडआधी युनिटच्या टेलरनं सगळ्यांची मेडलं एकत्र शिवली, त्यात दोघांच्या या एकाची अदलाबदल. दोघंही एकाच दिवशी वर बर्फात गेलेले, एकाच बंकरात टपाल छाटायला.
मी रडले. चाचीही, का ते तिलाच माहीत. मग चाचांनी किती सांगितलं. शिक्क्याची शाई गोठायची, अण्णा ती स्टोव्हजवळ धरून बसायचे. हेलिकॉप्टर आलं नाही तर थैले खांद्यावर. एकदा चाचांना ताप, तेव्हा त्यांचाही थैला अण्णांनीच नेला. "तिकडं पोरं वाट बगत असायची बेटा. रोटी उशिरा आली तर चालायचं. टपाल न्हाई."
डबीसकट मेडल माझ्या हातात दिलं.
येताना बसमध्ये चक्क झोपले. कितीतरी दिवसांनी.

२५ जाने.
आईला सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. ती कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आनि तू इतके दिस येकटीच घाबरत बसलीस? येडी." एरवी जयंतीलाच लावते तो दिवा तिनं आज बाबासाहेबांच्या फोटोपुढे लावला. कारण विचारलं नाही.

३० जाने.
सुभेदारमामांना मेडलं दाखवली, चाचांचंही सांगितलं. थैल्यांचं ऐकून मेडल पुन्हा हातात घेतलं. "कमिटीपुढं ठिवतो. पर तिथले दोगं लई अडून बसलेत." मी म्हटलं, चाचा स्वतः येऊन बोलले तर? "येऊ दे. ऐकू."

२ फेब्रु.
आईनं स्वतः कड्याला फोन लावला. "शेखभाऊ, तुमचं मेडल माज्यापाशी हाय. पोरीसंग धाडनार न्हाई. तुमीच या न्यायला." पलीकडून गुडघ्यांच्या, गाडीच्या, थंडीच्या सबबी. हिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच, "या."
मी विचारलं, आणि नाव नाहीच कोरलं तर?
"न कोरू दे. तेंच्याबरोबरचा मानूस दारात येऊ दे आधी."
चाचा म्हणालेत, रविवारी बघतो. आईनं 'बघतो'चा अर्थ 'येतो' असा घेतलाय. मटण की कोंबडी, एवढंच ठरायचंय.