तुम्ही धाकटीला दिलेला शब्द

बाबा, परवा धानोऱ्याच्या विहारातून सचिवभाऊंचा फोन आला होता. यंदा पावसाळ्यातल्या वर्षावासात एका रविवारी ‘अप्पमाद’ या विषयावर व्याख्यान ठेवून राह्यलो, असं ते म्हणाले. मला वाटलं, उशिरा का होईना, लोकांना माझी आठवण झाली. इथे चंद्रपूरच्या कॉलेजात मी पाली शिकवते, माझा प्रबंध याच एका शब्दावर आहे, आणि तुम्ही ज्या विहारात मला वंदना पाठ करायला बसवायचात तिथेच उभं राहून बोलायचं. त्या दिवशी कोणती साडी नेसायची इथपर्यंत मी मनात पोचले होते. तेवढ्यात ते म्हणाले, “बोलाले तं तुमच्या बहिणीले सांगतलं, मॅडम. तुमी तेवढा तिचा परिचय करून द्या.” मी “हो, आनंदानं” म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात अशी काही भांडी आदळली की घरातल्यांना वाटलं गॅस संपला.

तुम्हाला सांगायला हरकत नाही, हा जळफळाट आजचा नाही. तो सुरू झाला तो दिवस मला अजून दिसतो. मोहफुलांचे दिवस आहेत. आम्ही तिघी, आई, मी आणि धाकटी, पहाटेच शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या मोहाखाली आलो आहोत. फुलं वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची, ही सगळ्या गावाची रीत. वनरक्षकाच्या घरच्यांनीही तेच करावं याचा तुम्हाला संताप यायचा, पण आईपुढे तुमचं चालत नसे. निदान राख थंड झाल्याशिवाय हलायचं नाही, एवढं तुम्ही आम्हाला बजावून ठेवलं होतं. आम्ही दोघी बहिणींनी दोन झाडं वाटून घेतली आहेत. माझी टोपली आधी भरते, मी माझी राख पायानं पसरून, वर माती लोटून पायवाटेवर जाऊन उभी राहते. वळून बघते तर तुम्ही जंगलातून परतताना धाकटीच्या झाडाखाली उकिडवे बसलेले. तिचा हात तुम्ही आपल्या हातात धरला आहे, तळवा राखेच्या जरा वर पालथा आहे, आणि हळूहळू काहीतरी सांगता आहात. वाऱ्यावर मला एकच शब्द ऐकू येतो, अप्पमाद. वंदना आणि सुत्तं म्हणताना तो मी शेकडो वेळा उच्चारला होता, पण माझा हात हातात घेऊन तुम्ही तो मला कधी सांगितला नव्हता.

त्यानंतर तुम्ही तिला बीटावर, तुमच्या राखणीच्या जंगलात, न्यायला लागलात. रविवार आला की ती तुमच्या सायकलवर मागे बसून निघायची, आणि मी ओसरीवर पाठांतर करत बसायचे. वणवा अडवायला जाळरेषा कशी काढतात, वणव्याचा वास वाऱ्याच्या कोणत्या अंगानं येतो, हे सगळं तिला. मला काय, तर पाठांतराच्या स्पर्धेत पहिली आले म्हणून एक शाईचा पेन. पेन देताना तुम्ही चारचौघांत म्हणालात, “मोठीचं मले पाहाच लागत नाई.” सगळे कौतुकानं माझ्याकडे बघत होते आणि मी त्या सायकलच्या मागच्या कॅरियरचा विचार करत होते. पुढे तुम्ही नोकरीत असतानाच गेलात, आणि अनुकंपेवर कुणाला लावायचं हा प्रश्न आईनं एका वाक्यात मिटवला. जंगल धाकटीला ठाऊक आहे, मोठी शिकते आहे. मला ती नोकरी नकोच होती, नागपुरात माझं एम.ए. चाललं होतं. तरी तुमची शिट्टी तिच्या गळ्यात बघितली तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही.

लोकांना वाटतं मी धम्माच्या ओढीनं हा शब्द अभ्यासाला घेतला. खरं म्हणजे मला तो तिच्याकडून काढून घ्यायचा होता. आणि बाबा, शब्द मोठाच निघाला. आज मराठीत आपण ‘हातून प्रमाद घडला’ म्हणतो तेव्हा नुसती चूक म्हणायची असते. पालीतला पमाद हा चुकीच्या आधीचा. तो ‘मद’ या नशेच्या धातूतून आलेला, म्हणजे चूक होण्याआधी माणसावर जी गुंगी चढते, काय बिघडतंय, होईल सगळं नीट असं जे सुस्त सुख वाटतं, ते. म्हणूनच पाचव्या शीलात दारूच्या शेजारी तो येतो. अप्पमाद म्हणजे ती गुंगी येऊ न देणं. तथागतांनी जाताना भिक्खूंना शेवटचं सांगितलं ते हेच. सगळ्या प्राण्यांची पावलं हत्तीच्या पावलात मावतात तसे सगळे सद्गुण या एकात मावतात, असंही सांगितलं. विदिशेजवळ एका यवन दूतानं उभारलेला खांब आहे. तो माणूस वासुदेवाचा भक्त, पण त्यानंही संयम आणि त्याग यांच्या जोडीला हाच शब्द दगडात कोरून घेतला. एवढं सगळं मी शोधलं, छापलं, त्यावर पदवी मिळवली. आणि व्याख्यान धाकटीचं!

काल ती आली. आता वनपाल झाली आहे, अहेरीकडे असते. गणवेशातच माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि न सांगता समोरची मेथी निवडायला घेतली. “ताई, मले बोलाचं काईच सुचून नाई राह्यलं. तू त्या शब्दावर मले काही लिहून दे ना.” मी तिला मुद्दाम सगळंच ऐकवलं. धातू, प्रत्यय, खांब, हत्ती, टीकाकारांची मतं. सोपं करता आलं असतं, केलं नाही. तिनं मेथी निवडत ऐकलं आणि म्हणाली, “येवढं कोन आयकंल व ताई?” मग माझ्यानं राहवलं नाही. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं, की मोहाखाली बाबांनी तुझा हात धरून त्या शब्दाचा काय अर्थ सांगितला होता?

ती हसायलाच लागली. “अर्थ? मले झापून राह्यले होते ते! मी पाला जाळून तशीच निघाली होती. राखेत इस्तो अजून लाल होता. हात वर धरून म्हणत, लागते का गरम? हे घेऊन जंगलात वारा गेला असता तं? त्यायचा हात थरथरत होता, ताई. इतके भ्याले होते.”

“मग तुला बीटावर का नेत होते?”

“काऊन म्हंजे? मले घरी ठेवाची त्यायले हिंमत नव्हती. काय करून ठेवंल हे, म्हणून डोळ्यासमोर ठेवत. मले तं तुया राग ये. रोज एकच आयकाचं, मोठीचं पाहाच लागत नाई.” तिनं निवडलेली मेथी माझ्यापुढे सरकवली आणि पाणी प्यायला उठली.

हे ऐकून मी शांत व्हायला हवं होतं. ज्याला मी आयुष्यभर बक्षीस समजले ती बोलणी होती, आणि ज्याला कोरडेपणा समजले तो विश्वास होता, हे कळायला मला प्रबंध लिहिण्याची गरज नव्हती. माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत असं घडलं असतं तर मी तिला हेच समजावलं असतं. पण धाकटी गेल्यावर मी तिच्या पाटाकडे बघत बसले आणि माझं पोट आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं. तुमच्या थरथरत्या हाताची गोष्ट ती किती सहज सांगून गेली. तुमचा हात मला आठवतो तो स्थिर, पेन पुढे करणारा.

रविवारी मी तिचा परिचय नीट करून देईन, त्यात कसूर करणार नाही. हा कागद मात्र मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, बाबा, त्याबद्दल तुमची मुलगी कृतज्ञ आहे असं लिहायला बसले होते. ते खरं नाही. तुम्ही एकदा तरी माझ्यासाठी तसे भ्यायला हवे होतात.