बसण्यासाठी वापरली जाणारी कोणतीही वस्तू

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. हॉटेलची ऑर्डर आपल्याला मिळाली! लॉबी, डायनिंग हॉल, गच्ची, सगळ्या खुर्च्या आपल्या कारखान्यातून. (कारखाना म्हणजे मी, बाबा आणि दोन सुतार. पण लेटरहेडवर कारखानाच आहे.) मॅनेजर म्हणाले, करार तुम्हीच लिहून आणा, आम्ही बघून घेऊ. केवढा हा विश्वास!
संकल्प: करार डोळ्यांत तेल घालून लिहायचा. काना-मात्रेची चूक नको.

५ फेब्रुवारी
बायको म्हणाली, एकदा ताईला दाखवून घ्या. ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी. वकील आहे, कबूल. पण या घरात सगळंच ताईला दाखवून होतं. पडदे, डॉक्टर, मुलांची शाळा. लग्नाआधी मलाही दाखवलं होतं. तिने पास केलं, पण जरा विचार करून केलं, हे मी विसरलेलो नाही.
नाही दाखवणार.

८ फेब्रुवारी, सकाळी
नमुना सापडला! मागे पॉलिशचं मशीन भाड्याने घेतलं होतं, त्याचा करार. काय दणदणीत भाषा! मशीनच्या जागी खुर्ची घातली की झालं. मुदत पाच वर्षं, तीही तशीच ठेवली. शेवटी एक कलम आहे: जो करार मोडेल त्याने उचल रकमेच्या तिप्पट भरपाई द्यावी. हे फारच आवडलं. हॉटेलवाले टरकून राहतील.

८ फेब्रुवारी, दुपारी
आता व्याख्या. नुसतं 'खुर्ची' लिहिलं तर उद्या म्हणतील, स्टूल म्हणजे खुर्ची नव्हे, बाक म्हणजे खुर्ची नव्हे, घेणार नाही. म्हणून लिहिलं: खुर्ची म्हणजे या कारखान्यात तयार होणारी, बसण्यासाठी वापरली जाणारी कोणतीही वस्तू. अशा सर्व वस्तू हॉटेल घेईल. समोरच्यालाही बरं वाटावं म्हणून पुढे: इतर कुणालाही त्या दिल्या जाणार नाहीत.
पक्की पाचर मारली. आता एक स्टूलसुद्धा नाकारता येणार नाही.
बाबांना वाचून दाखवलं. ते बहिणीच्या खुर्चीचा हात घासत होते. तिला सातवा महिना आहे. बाळाला घेऊन बसायला बुटकी खुर्ची करतायत, आईसाठी केली होती तशी. आईची वाळवीने खाल्ली. बाबांचे हात आता थरथरतात, पण या खुर्चीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. करार ऐकून त्यांनी विचारलं, एवढं सगळं लिहावं लागतं का रे?
जुनी माणसं.

१४ फेब्रुवारी
सही झाली! मॅनेजरनी करार वाचला आणि आपल्या वकिलाला बोलावलं. त्याने वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत पहिल्यापासून वाचला. म्हणाला, आमच्याकडून काही दुरुस्ती नाही. मॅनेजर म्हणाले, इतका चांगला करार आम्हाला आजवर कुणी दिला नव्हता.
घरी सांगितलं, वकिलालाही बोट ठेवायला जागा सापडली नाही. बायकोने विचारलं, कुणाच्या वकिलाला?
कौतुक कसं ते नाहीच.

२ मार्च
हॉटेलकडून आगाऊ मिळालेल्या उचल रकमेतून नवीन करवत मशीन घेतलं. लोणी कापावं तसं लाकूड कापतं.
शाळेचे हेडमास्तर बाकांची ऑर्डर घेऊन आले. जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या शाळेचे सगळे बाक बाबांच्या हातचे. ऐटीत हो म्हणालो. संध्याकाळी हॉटेलमधून फोन. कुठून कळतं यांना! म्हणाले, बाक बसायलाच असतात ना? असतात, म्हणालो. मग आमचेच, म्हणाले.
हेडमास्तरांना नाही म्हणून कळवलं. बाबांनी बाकांसाठी काढलेल्या फळ्या परत रचून ठेवल्या.
काळजीचं कारण नाही. टेबलं करू. टेबलावर कुणी बसत नाही.

११ मार्च
खुर्च्यांशिवाय टेबलं कुणालाच नको आहेत. एक सुतार सोडून गेला. बाजार थंड आहे, त्याला मी काय करणार?

२० मार्च
हॉटेलचा स्टोअरकीपर माल न्यायला आला. भिंतीशी बहिणीची खुर्ची होती, कालच पॉलिश झालेली. तो म्हणाला, हीपण चढवा. मी म्हणालो, ही घरची आहे. त्याने खिशातून करार काढून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. मग अगदी नम्रपणे विचारलं, साहेब, घरची वगळून असं कुठे लिहिलंय, दाखवा ना. मी शोधलं. कुठेच नव्हतं. मीच लिहिलेलं नव्हतं.
नाही द्यावी तर तिप्पट भरपाई. आणि उचल रक्कम तर करवत होऊन कोपऱ्यात उभी आहे.
बाबांनी टेम्पोत खरचटू नये म्हणून खुर्चीच्या हातांना आपला टॉवेल गुंडाळून दिला. मला फार वाईट वाटलं.
तात्पुरतं आहे. मॅनेजर ओळखीचे आहेत.

२१ मार्च
बायको म्हणते, आता तरी ताईला फोन करा. म्हणजे ती आयुष्यभर ऐकवणार! मी बोलून सोडवतो.

२४ मार्च
मॅनेजरना भेटलो. सज्जन माणूस. चहा पाजला. म्हणाले, मालकांच्या पुढे माझं काही चालत नाही, पण बहिणीला कधीही घेऊन या, खुशाल बसू द्या.
खुर्ची लॉबीत आहे, कुंडीशेजारी. तिच्यावर कुणाची तरी बॅग होती. मी उचलून खाली ठेवली. बॅगवाला ओरडला. परत वर ठेवली.

२६ एप्रिल
बहिणीला मुलगी झाली. आज घरी आणली. खाली गादीवर, भिंतीला उशी लावून पाजते. पाठ फार दुखते म्हणाली. बाबांची खुर्ची कुठाय, विचारलं. मी म्हणालो, पॉलिश वाळतंय. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

२ मे
बाबांनी पाळणा करायला घेतला. करार काढून पुन्हा वाचला. पाळणा झोपण्यासाठी असतो, म्हणजे आपण सुटलो. बाबांना तसं ठणकावून सांगितलं. करार कसा वाचायचा ते मला आता चांगलंच कळलंय.
दुपारी त्यांचा रंधा थांबला. म्हणाले, सहा-सात महिन्यांनी पोर यात उठून बसायला लागेल. तेव्हा ते न्यायला येतील का रे?
मला वाटलं, टोमणा मारतायत. वर पाहिलं. टोमणा नव्हता. रंधा हातात तसाच धरून ते खरंच उत्तराची वाट बघत होते. करार मी लिहिला आहे, तेव्हा मला माहीत असणार, असं त्यांना वाटत होतं.
मला माहीत नव्हतं.
घरात जाऊन बायकोकडे ताईचा नंबर मागितला. तिने फोन लावूनच माझ्या हातात दिला.